तिसऱ्या गावातली गोष्ट

पाठारे काकांच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर कोण बसणार, हे काका स्वतः ठरवत. बाकीच्यांनी कुठेही बसावं. गुडघे दुखणारे दाराजवळ बसत, गाडी लागणारे खिडकीशी, आणि चाळीस वर्षं संसार केलेली जोडपी मुद्दाम दोन टोकांना. ड्रायव्हरशेजारची जागा मात्र मोकळी ठेवायची. सगळे चढले की काका बाहेर उभे राहून एकेक चेहरा न्याहाळत आणि मग शांतपणे नाव घेत. "कुलकर्णी साहेब, तुम्ही जरा पुढे या." कुलकर्णी साहेब खूश होऊन पुढे जात. त्यांना वाटे, आपला मान राखला. मलाही एकदा तसंच वाटलं होतं.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटला उन्हाळा आला की आई-बाबांचा सीझन सुरू होतो. भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी आलेली ही मंडळी. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं कॅम्पला, आणि हे दोघं टाउनहाउसच्या दिवाणखान्यात समोरच्या गॅरेजचं दार किती वेळा उघडतं ते बघत बसलेले. पाठारे काकांनी नेमकी हीच माणसं हेरली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बारा माणसं मावतील अशी पांढरी व्हॅन घेतली आणि दर शनिवारी त्यांना वाइनच्या प्रदेशात फिरवून आणायला लागले. दारूच्या दुकानावरून जाताना जन्मभर ज्यांनी मान खाली घातली, अशा बायकांना हा माणूस सकाळी दहा वाजता हातात काचेचा ग्लास देऊन उभं करायचा. आणि त्या उभ्या राहायच्या, हे विशेष.

"वास घ्या. प्यायलाच पाहिजे असं नाही," काका गळ्यातला माइक तोंडाजवळ धरून सांगत. "हा काही तीर्थप्रसाद नाही. नको म्हटलं तरी देव कोपत नाही."

एकदा सांगलीचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "पन्हं आहे. पण नासलेलं." वाइन ओतणाऱ्या मुलीने विचारलं, काय म्हणतात हे? काका म्हणाले, "ही सेज ग्रीन मँगो, विथ अ लाँग फिनिश." त्या मुलीने कौतुकाने ते कागदावर लिहून घेतलं. हेडमास्तर पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत होते की अमेरिकेत त्यांचं मत लिहून घेतात.

काका सत्तरीच्या पुढचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. चौकड्यांचा शर्ट, खाकी टोपी, खिशात पेन्सिल. कशासाठी ते कुणी विचारलं नाही, कारण त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. व्हॅनमध्ये घरच्या गवती चहाचा थर्मास आणि काकूंनी तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. काकू स्वतः ट्रिपला कधीच येत नसत. "तिला गाडी लागते," काका म्हणायचे.

तरुणपणी ते इटलीत होते. कापडाच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी वरकमाईला टुरिस्ट गाइड. एका दिवसात एक वाइनरी आणि डोंगरमाथ्यावरची तीन जुनी गावं, अशी ती ट्रिप असायची. ती गावं सातशे-आठशे वर्षांपूर्वीची. दगडी तट, एकच वेस, आत चिंचोळ्या गल्ल्या आणि एक मनोरा. पुढे ते अमेरिकेत आले, तीस वर्षं चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये डोकं घातलं, पण ती ट्रिप काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. बेनिशियाचा पूल ओलांडून टेकड्या लागल्या की ते माइक चालू करत. "मंडळी, आता हे कॅलिफोर्निया विसरा. समोर आपलं पहिलं गाव."

पहिल्या गावात खरं म्हणजे एक पाण्याची टाकी आणि ओकच्या झाडांत चार घरं होती. दुसरं गाव म्हणजे चढावरचा एक जुना चौक, जिथे आइस्क्रीम बरं मिळायचं. तिसरं गाव म्हणजे कुणा हौशी मालकाने द्राक्षाच्या मळ्यात बांधलेली दगडी मनोऱ्याची वाइनरी. मनोरा माझ्या लेकीहून वयाने फार मोठा नसेल. पण काका बोलायला लागले की टाकीची वेस व्हायची आणि आइस्क्रीमवाल्याच्या जागी लोकर पिंजणारा बसलेला दिसायचा. प्रत्येक गावाच्या दोन-तीन गोष्टी ठरलेल्या. त्या जुन्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या गोष्टी, असं ते म्हणायचे.

मला सगळ्यात आवडायची घंटा वाजवणाऱ्याची गोष्ट. तिसऱ्या गावातल्या मनोऱ्यावर एक माणूस घंटा वाजवायचा. सणाचा दिवस होता, चौक पाहुण्यांनी भरलेला. घंटा चालू असताना निरोप आला की घरी बायको अवघडली आहे, ताबडतोब ये. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं आणि उरलेले टोले पूर्ण केले. घरी पोचला तेव्हा बाळ गेलेलं होतं. बायको त्याला काही बोलली नाही. फक्त त्यानंतर घंटा सुरू झाली की ती घराची खिडकी लावून घ्यायची. एवढीच गोष्ट. काका ती माइक बंद करून सांगत, हळू आवाजात, आणि ऐकायला सगळ्यांना जवळ सरकावं लागे.

मी नागपूरची. व्हिसावर आले आणि इथेच राहिले, त्याला आता बारा वर्षं झाली. पहिल्यांदा ट्रिपला गेले ती सासू-सासऱ्यांना सोबत म्हणून. मग मला त्या शनिवारांची चटक लागली. सासू-सासरे परत गेल्यावरही मी जायला लागले, मदतनीस म्हणून. माणसं मोजायची, ग्लास गोळा करायचे, कुणाची कवळी रुमालात राहिली तर धावत जाऊन आणायची. नवरा हसायचा. "तू फुकटचा ओव्हरटाइम करतेस यार," म्हणायचा. पण मला तिथे बरं वाटायचं. माझे बाबा नुकतेच गेले होते, आणि त्या व्हॅनमध्ये बाबांच्या वयाची माणसं भरलेली असायची.

त्यातल्याच एका शनिवारी, सगळ्यांना घरोघरी सोडून झाल्यावर, काका म्हणाले, "ये, पुढे बस."

पुढच्या सीटचं एक गुपित आहे. शेजारचा माणूस तुमच्याकडे बघत नाही. त्याचे डोळे रस्त्यावर, हात चाकावर, आणि कान मात्र पूर्ण तुमचे. समोरासमोर जे सांगताना जीभ अडखळते, ते तिथे आपोआप निघतं. काका काही विचारत नसत. थर्मासच्या झाकणात चहा ओतून देत आणि गप्प राहत. मी चहा धरून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "बोलायचं तर बोल. गाडीतलं गाडीत राहतं."

मी बोलले. नवऱ्याला जे कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

बाबा आजारी पडल्याचा फोन आला तेव्हा माझा व्हिसा इथे वाढवून मिळाला होता, पण पासपोर्टवर नवा शिक्का नव्हता. इथून बाहेर पडलं की परत यायला तो शिक्का भारतातल्या कॉन्सुलेटमधून घ्यावा लागतो, आणि तेव्हा त्याची तारीख मिळायला किती महिने लागतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज चालू होती. घराचा व्यवहार होत आला होता. गेले असते तर नोकरी गेली असती, कदाचित. कदाचित नसतीही गेली. पण जाण्यापासून मला कुणी अडवलं नव्हतं. मी आईला फोनवर सांगितलं, "पासपोर्ट रिन्यूअलला पाठवलाय, माझ्या हातातच नाही. मी निघूच शकत नाही." पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये होता, नॅपकिनच्या घडीखाली.

आई पोस्टात होती, तीस वर्षं खिडकीवर बसलेली. कागद अडकणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावायला नको होतं. तिने लगेच विश्वास ठेवला. नंतर तिने मला सांगितलं की बाबा घरी पडून होते ते आठही दिवस त्यांनी अंगणाच्या फाटकाला कुलूप लावू दिलं नाही. "कुलूप खिळ्यालाच राहू द्या," म्हणायचे. "ती अवेळी आली तर तिला हाका माराव्या लागू नयेत." आई सांगायची, अरे बाप्पा, तिचा पासपोर्ट नाही तिच्याजवळ. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा खिळ्याकडे बघायचे. नवव्या दिवशी गेले.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ड्रॉवर, नॅपकिन, कुलूप, खिळा. काकांनी एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. घराशी गाडी थांबवल्यावर म्हणाले, "आता तुझ्या एकटीचं नाही ते." मी त्या वाक्यावर कितीतरी दिवस काढले. माझ्या बापाच्या जागी मी ह्या माणसाला बसवलं होतं, हे मला कबूल करायला हवं.

त्यानंतर नोकरी बदलली, शनिवार कामात जायला लागले आणि माझं ट्रिपला जाणं सुटलं. दीड वर्ष गेलं. गेल्या उन्हाळ्यात आई आली, अमेरिकेत पहिल्यांदाच. बाबांशिवाय ती कुठे जायला तयार नसायची. मीच हट्टाने आणली. आल्या आल्या मी तिला म्हटलं, "आई, तुला एका माणसाला भेटवायचंय."

ती ट्रिप मी किती उत्साहाने ठरवली होती. आईला मोरपंखी साडी नेसवली, त्याखाली माझे स्पोर्ट्स शूज. लेक ईरा दहा वर्षांची, तिलाही घेतलं. काकांनी आईला हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीने माझे खूप शनिवार सांभाळलेत." आई लाजली. पुढच्या सीटवर त्या दिवशी त्यांनी पुण्याचे कुणी इंजिनिअर बसवले. आई, मी आणि ईरा मागे. पाण्याच्या टाकीपाशी आई म्हणाली, "छान बोलून राहिले हे. पोस्टात असते तर गर्दी हललीच नसती."

तिसऱ्या गावाला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मनोऱ्याच्या सावलीत बुटक्या दगडी कठड्यावर सगळे बसले, हातात ग्लास. आईच्या ग्लासात द्राक्षाचा रस. मी ईराच्या कानात म्हटलं, आता घंटेची गोष्ट येईल बघ.

काकांनी माइक बंद केला आणि हळू आवाजात सुरुवात केली. "सातशे वर्षांपूर्वी या डोंगरावर एक गाव होतं आणि त्या पलीकडच्या डोंगरावर दुसरं. एका गावची मुलगी दुसऱ्या गावात लोकर विणायला गेली. हुशार होती, तिथेच राहिली. पण त्या गावाचा एक नियम होता. वेशीबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला कागदावर नवा शिक्का लागायचा. आणि शिक्का कधी मिळेल, ते देव जाणे."

मला अजून काही कळलं नव्हतं. उलट मला हसू आलं. मनात म्हटलं, वा काका, स्टॅम्पिंग थेट इटलीला नेलंत. दोघं-तिघं हसलेही.

"एक दिवस निरोप आला, वडील आजारी आहेत. मुलीने उलट निरोप धाडला, माझा कागद दरबारात अडकलाय, मी येऊ शकत नाही. मंडळी, कागद कुठेही अडकला नव्हता. तिच्याच पेटीत होता, दुलईच्या घडीखाली."

काका बोलत होते. तिकडे बापाने फाटकाला कुलूप लावू दिलं नाही. कुलूप खिळ्यालाच राहू द्या म्हणाला. अवेळी आली तर हाका माराव्या लागू नयेत. आठ दिवस. शब्द न् शब्द माझा होता. दुलई तेवढी त्यांची.

"नवव्या दिवशी बाप गेला. आणि तेव्हापासून त्या गावात दिवस मावळला की एक फाटक उघडं ठेवतात. आजही."

बायकांनी डोळे पुसले. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, "क्या बात है." ईराने विचारलं, "काका आजोबा, इज दॅट अ ट्रू स्टोरी?" काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, ऑल माय स्टोरीज आर ट्रू."

आईने ग्लास कठड्यावर ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. काकांना म्हणाली, "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"गोष्ट तिथेच संपते, ताई."

"तिथे काऊन संपेल," आई म्हणाली आणि उठून व्हॅनकडे चालायला लागली.

घरात आल्यावर शूज काढून तिने ते जोडीने भिंतीला लावले, स्वयंपाकघरात गेली आणि विचारलं, "कुठे होता पासपोर्ट?" मी तिसऱ्या ड्रॉवरकडे बोट दाखवलं. तिने तो उघडला, आतल्या नॅपकिनच्या घड्या सारख्या केल्या, बंद केला. "बरं," म्हणाली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती बाजूला झाली. रागाने नाही. पोस्टात कुणी चुकीच्या रांगेत आला की बाजूला व्हायची, तशी. त्या दिवसापासून ती माझ्याशी पोस्टाच्या त्या खिडकीतूनच बोलायला लागली. चहा हवा का. हो. भाजी आणली का. हो. आभारी आहे. आई मला कधी आभारी आहे म्हणाली नव्हती.

मी खोटं बोलले होते, त्याची शिक्षा मला मिळायलाच हवी होती, हे मला मान्य आहे. पण ती शिक्षा देणारा हा कोण? आईला मी सांगणार होते. कधीतरी, माझ्या तोंडाने, माझ्या शब्दांत. ते सांगण्याचा माझा हक्क त्याने आठ अनोळखी माणसांसमोर, वाइनच्या ग्लासांसोबत वाटून टाकला. माझे बाबा त्याने लोकांना चाखायला दिले.

तीन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. काका अंगणात व्हॅनच्या चाकात हवा भरत होते.

"तुम्ही म्हणाला होता गाडीतलं गाडीत राहतं," मी म्हटलं.

ते सरळ उभे राहिले. "मग? गाडीबाहेर मी कधी कुणाला काही सांगत नाही. ट्रिपमध्येच सांगतो. नावही घेत नाही."

"माझी आई समोर बसली होती, काका."

त्यांनी टोपी काढली. मग जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. "खरं सांगू का तुला? ती तुझी आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. इतक्यांदा सांगितली गं मी ती, आता ती त्या गावचीच झाली आहे."

मी भांडायला गेले होते. तयारी करून गेले होते. त्यांनी कबूल केलं असतं, मुद्दाम केलं म्हटलं असतं, तरी मला काही धरायला मिळालं असतं. पण माझं सगळ्यात जड दुःख हा माणूस दीड वर्ष दर शनिवारी वापरत होता आणि ते कुणाचं हे विसरला होता. मी तिथेच रडले. त्यांनी गवती चहा आणू का, विचारलं. मी नको म्हटलं.

गाडीशी येताना काकू मागून आल्या. हात मेथीने हिरवे झालेले. कमी बोलणारी बाई. माझ्या खिडकीशी वाकून म्हणाल्या, "दोन चुलींचं घर, ती गोष्ट ऐकली असशील ना? पहिल्या गावातली?"

ऐकली होती. एका घरात राहून दोन चुलींवर स्वयंपाक करणारी नवरा-बायको.

"ते इथलेच. तुझ्याच कॉम्प्लेक्समधले," काकू म्हणाल्या. "सगळ्या इथल्याच आहेत गं. इटलीतली एकही नाही. एक सोडून."

"घंटेची?" मी विचारलं.

त्यांनी हात पदराला पुसले. "घंटा कसली. गाइड होते ते तेव्हा. मी खोलीत एकटी होते, पाचवा महिना. शेजारणीने दुसऱ्या गावात फोन करून निरोप दिला. पाहुण्यांना तिसरं गाव दाखवूनच आले." मग म्हणाल्या, "मला गाडीबिडी लागत नाही. मी त्या सीटवर बसणं सोडलं, एवढंच."

परतताना मी सगळ्या गोष्टी आठवत गेले आणि एकेक चेहरा सापडत गेला. आंधळा झाल्याचं सोंग करणारा चांभार. बहिणीच्या लग्नाचं पत्र तीन वर्षं न उघडणारी विणकरीण. ही सगळी माणसं मला दुकानात, शाळेच्या गेटवर भेटत होती. आपली गोष्ट कुठल्या डोंगरावर नेऊन ठेवली आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. मी त्या गोष्टींना हसले होते, रडले होते, घरी येऊन नवऱ्याला सांगितल्या होत्या. त्या फसवणुकीत माझा हात नव्हता असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

आईचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. तिच्या शेवटच्या शनिवारी ती सकाळी सातलाच तयार झाली. मोरपंखी साडी, माझे शूज, वर स्वेटर.

"मला त्या पाठाऱ्यांच्या गाडीवर सोड," म्हणाली.

मला वाटलं तिला त्यांना जाब विचारायचाय. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये व्हॅन उभी होती. माणसं चढत होती. मीही उतरले, तर आई म्हणाली, "तू नको येऊ."

"मग कशाला जातेस?"

"मला पुढे बसायचं आहे."

मला कळायला क्षणभर लागला. "आई, ते सगळ्यांना सांगतील."

आईने कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगू दे न," म्हणाली.

आई आता नागपूरला आहे. दर रविवारी फोन करते, पोळ्या केल्या का विचारते, ईराला शाळेचं विचारते. बाबांचं नाव काढत नाही, मीही काढत नाही. त्या शनिवारी ती काय बोलली, हे मी तिला विचारलं नाही आणि विचारलं तरी ती सांगणार नाही. मला तिने माफ केलं का, कधी करणार आहे का, हे ज्याला माहीत आहे तो एकच माणूस आहे. ते ऐकायचं असेल तर मला एखाद्या शनिवारी जाऊन त्याच्या व्हॅनमध्ये मागे बसावं लागेल आणि तिसऱ्या गावापर्यंत वाट बघावी लागेल. अजून मी गेलेले नाही.

काकांना मी पाहिलं ते त्याच सकाळी, शेवटचं. ते नेहमीसारखे बाहेर उभे राहून चेहरे न्याहाळत होते. आई नाव घ्यायची वाट न बघता सरळ पुढच्या दाराशी गेली आणि चढली. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि फिरून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. व्हॅन पार्किंगबाहेर निघाली आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबली. मी जिथे उभी होते तिथून काचेतून दोघं दिसत होते. काकांनी थर्मासचं झाकण भरून आईकडे दिलं. आईने ते दोन्ही हातांनी धरलं, एक घोट घेतला, आणि बोलायला सुरुवात केली. काका समोर बघत होते. मग सिग्नल हिरवा झाला आणि ते डावीकडे वळले.